एका फाइलवर अनेक हात : सहसंपादन आणि मर्ज कॉन्फ्लिक्टचं साधन बांधताना

इंदूरमधल्या छोट्या सॉफ्टवेअर टीमची रचना साधारण ठरलेली असते. दोघं-तिघं विजयनगरच्या किंवा सुपर कॉरिडॉरच्या ऑफिसात, एखादी रामबागेतल्या घरून, एक जण वडोदऱ्याला, आणि सुट्टी लागून आली की कुणीतरी पुण्याच्या गाडीत. अ‍ॅपमधली लेबलं हिंदी, मराठी, इंग्रजी अशी तिन्ही भाषांत. अशा टीमला दोन साधनं हवी असतात : एकाच वेळी एकाच फाइलवर लिहिता येईल असा एडिटर, आणि वेगवेगळ्या ब्रांचवर, म्हणजे कोडच्या समांतर शाखांवर, झालेलं काम जोडताना अडलं तर ते सोडवणारं मर्जचं साधन.

दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. एक मूळ मजकूर होता, दोघांनी एकमेकांना न विचारता तो बदलला, आता एकच प्रत हवी. फरक इतकाच, की मर्जमध्ये यंत्राला थांबून माणसाला विचारता येतं आणि थेट सहसंपादनात थांबायची सोय नसते. म्हणून मर्जचं साधन आधी बांधा. ‘इथे विचारलं पाहिजे’ हे ओळखणारा भाग एकदा हाताशी आला की थेट एडिटर त्याच्या आधाराने उभा करता येतो. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात, कारण दुसऱ्याचा रंगीत कर्सर स्क्रीनवर पळताना दाखवला की डेमो छान होतो.

तिहेरी मर्ज

साधनाला तीन प्रती लागतात : मूळ, आपली आणि त्यांची. मूळ प्रत नसेल तर एखादी ओळ एकाने घातली की दुसऱ्याने खोडली हे कळायला मार्गच नसतो. कॉन्फ्लिक्ट झाला की गिट (आवृत्त्या सांभाळणारं साधन) या तिन्ही प्रती आपल्या इंडेक्समध्ये, म्हणजे अंतर्गत यादीत, ठेवतं : १ क्रमांकावर मूळ, २ वर आपली, ३ वर त्यांची. ‘गिट एलएस-फाइल्स -यू’ या आदेशाने यादी मिळते आणि ‘गिट शो :१:’ यापुढे फाइलचा मार्ग जोडला की मूळ मजकूर. एकाने फाइल बदलली आणि दुसऱ्याने ती उडवली, तर तीनपैकी एक क्रमांक रिकामा असतो. नवशिक्या साधनांची पहिली पडझड इथेच होते, तेव्हा ‘प्रत नाही’ ही अवस्था पहिल्या दिवसापासून कोडमध्ये धरा. रिकामी फाइल आणि नसलेली फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मूळ प्रत स्वतः शोधायला जाऊ नका. दोन ब्रांच एकमेकींत आलटून पालटून मर्ज झालेल्या असतील तर सामाईक पूर्वज एकापेक्षा जास्त निघतात. गिट ते आपसांत मर्ज करून एक आभासी मूळ तयार करतं. इंडेक्समधली प्रत म्हणजे तीच.

पुढचं गणित असं. मूळ ते आपली आणि मूळ ते त्यांची, असे दोन डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींच्या याद्या, काढा. मूळच्या ज्या ओळी दोन्हीकडे जशाच्या तशा राहिल्या त्या स्थिर. स्थिर ओळींच्या मधला प्रत्येक तुकडा घ्या आणि तीन प्रश्न विचारा. आपली बाजू मूळसारखीच आहे? मग त्यांची घ्या. त्यांची मूळसारखीच आहे? आपली घ्या. दोन्ही बाजू एकमेकींसारख्या आहेत? कुठलीही घ्या. तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील तर तो कॉन्फ्लिक्ट. युनिक्सवरच्या डिफ३ चा गाभा एवढाच आहे.

डिफसाठी १९८६ चा मायर्सचा अल्गोरिदम सगळीकडे सापडतो आणि तो कमीत कमी बदल शोधतो. पण कोडमध्ये नुसत्या कंसाच्या किंवा रिकाम्या ओळी जागोजागी असतात. कमीत कमी बदलाच्या नादात एका फंक्शनचा शेवटचा कंस दुसऱ्याच फंक्शनच्या कंसाशी जुळतो आणि वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही. हिस्टोग्राम डिफ फाइलमध्ये क्वचित येणाऱ्या ओळी आधी जुळवतो, त्यामुळे फंक्शनं अखंड राहतात. गिटने २.३४ पासून, म्हणजे २०२१ च्या अखेरीस, मुख्य केलेली ‘ऑर्ट’ ही मर्जची पद्धत हिस्टोग्रामच वापरते. तुम्हीही तोच घ्या.

लगतच्या ओळींचं काय? तुम्ही १० वी ओळ बदलली, सहकाऱ्याने ११ वी. मधे एकही स्थिर ओळ नाही, म्हणून गिट याला कॉन्फ्लिक्ट म्हणतं. हे सैल करावंसं वाटेल. कोडसाठी करू नका : शेजारच्या ओळी बहुधा एकाच विचाराच्या असतात. गद्य मजकुरासाठी मात्र शब्दागणिक दुसरी फेरी लावायला हरकत नाही.

कॉन्फ्लिक्ट दाखवायचा कसा

स्क्रीनवर मूळ प्रत दिसलीच पाहिजे. गिटची डीफॉल्ट मांडणी ती लपवते, आणि मग माणूस अंदाजाने एक बाजू निवडतो. हे पाहा :

<<<<<<< दरवाढ
पोहे-जिलबी : ४० रुपये
||||||| मूळ
पोहे-जिलबी : ३५ रुपये
=======
पोहे, जिलबी वेगळी : ३५ रुपये
>>>>>>> मेन्यू-सुधार

मधला भाग झाकून बघा. दर ३५ चा ४० झाला की ४० चा ३५, हे सांगता येणार नाही. मूळ दिसल्यावर उत्तर उघड आहे : एकाने दर वाढवला, दुसऱ्याने नाव सुधारलं, दोन्ही हवं. ‘मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल’ या सेटिंगला ‘डिफ३’ ही किंमत दिली की गिट मूळ दाखवू लागतं. २.३५ पासून ‘झेडडिफ३’ही आहे. तो दोन्ही बाजूंना सारख्याच असलेल्या पहिल्या-शेवटच्या ओळी कॉन्फ्लिक्टच्या बाहेर काढतो, त्यामुळे गोंगाट कमी होतो.

साधनात ‘आपली’ आणि ‘त्यांची’ अशी बटणं ठेवू नका. रिबेस करताना गिट तुमच्या कमिटा (नोंदवलेले बदल) दुसऱ्या ब्रांचवर एकेक करून बसवतं, त्यामुळे या दोन नावांचा अर्थ उलटा होतो : ‘आपली’ म्हणजे ती ब्रांच आणि ‘त्यांची’ म्हणजे तुमचंच काम. या एका गोंधळात दिवसभराचं काम पुसलं जाऊ शकतं. बटणावर ब्रांचचं नाव, कमिटचा संदेश आणि लिहिणाऱ्याचं नाव लिहा.

वरच्या उदाहरणातल्या चिन्हांच्या ओळी म्हणजे खुणा. त्या वाचणारा पार्सर नियमितपणे फसतो. खूण सात चिन्हांची असते, पण मार्कडाउनमध्ये शीर्षकाखाली बरोबरच्या चिन्हांची रेघ मारायची पद्धत आहे, आणि ती सातचीही असू शकते. म्हणून ओळ दिसली की खूण, असं धरू नका. सुरुवातीची खूण आली असेल तरच मधली मान्य करा, मधली आली असेल तरच शेवटची. आभासी मूळ स्वतःच कॉन्फ्लिक्ट घेऊन आलं असेल तर मूळच्या भागात आणखी खुणा असतात. त्या सातपेक्षा लांब असतात, तेव्हा लांबी नेमकी मोजा. तरीही अडचण येत असलेल्या फाइलींसाठी गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये ‘कॉन्फ्लिक्ट-मार्कर-साइझ’ (खुणेची लांबी) वाढवून ३२ करता येतो. सगळ्यात बरं म्हणजे खुणा वाचूच नका, तीन प्रती इंडेक्समधून उचला आणि मर्ज स्वतः करा.

निकाल लिहिताना आधी तात्पुरती फाइल, मग नाव बदलून मूळ जागी. आणि परतीचा रस्ता ठेवा : ‘गिट चेकआउट -एम’ नंतर फाइलचं नाव दिलं की कॉन्फ्लिक्ट पुन्हा जसाच्या तसा उभा राहतो. याचंच एक बटण करा. लोक ते तुमच्या अंदाजापेक्षा जास्त दाबतात.

लेबलांच्या फाइलीसाठी वेगळा ड्रायव्हर

तीन भाषांची लेबलं जेसन फाइलीत, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या फाइलीत, असतात आणि प्रत्येक जण नवं लेबल शेवटी चिकटवतो. शेवटच्या ओळीला स्वल्पविराम लावावा लागतो, म्हणजे ती ओळ दोघांनीही बदललेली. रोजचा कॉन्फ्लिक्ट. ड्रायव्हर म्हणजे ठरावीक फाइलींचा मर्ज करणारा छोटा प्रोग्राम. गिटचा तयार ‘युनियन’ ड्रायव्हर दोन्ही बाजूंच्या ओळी ठेवून देतो. बदलांच्या नोंदवहीला तो ठीक आहे, जेसनला नाही : स्वल्पविराम हुकतो, एकच ‘की’ (लेबलाचं नाव) दोनदा येते, आणि बहुतेक पार्सर मुकाट्याने दुसरी किंमत घेतात.

त्यापेक्षा ‘की’ धरून जोडणारा छोटा ड्रायव्हर लिहा. गिट त्याला %ओ मध्ये मूळ, %ए मध्ये आपली आणि %बी मध्ये त्यांची प्रत देतं (प्रत्यक्ष सेटिंगमध्ये ही रोमन मोठी अक्षरं असतात). तिन्ही वाचा, प्रत्येक कीला वरचेच तीन प्रश्न विचारा, सगळ्या ‘की’ वर्णानुक्रमे लावा आणि निकाल %ए वरच लिहा. बाहेर पडताना ० म्हणजे स्वच्छ, १ म्हणजे कॉन्फ्लिक्ट. १२८ पेक्षा मोठा आकडा म्हणजे ड्रायव्हर कोसळला असं गिट समजतं. दोन गोष्टी ध्यानात असू द्या. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल रिपॉझिटरीबरोबर सगळ्यांकडे जाते, पण ड्रायव्हरचं सेटिंग जात नाही. ते प्रत्येकाच्या मशीनवर सेटअप स्क्रिप्टने बसवावं लागतं. आणि वेबवरच्या मर्ज बटणामागे तुमचा ड्रायव्हर चालेल अशी आशा धरू नका.

‘गिट रेरेरे’ चालू करा. एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट तो लक्षात ठेवतो आणि पुन्हा आला की तसाच सोडवतो. चुकीचं उत्तरही तो तितक्याच निष्ठेने लक्षात ठेवतो, म्हणून साधनात ‘रेरेरे फर्गेट’ची सोय हवी.

थेट सहसंपादन

इथे दोन घराणी आहेत. पहिलं ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन, १९८९ पासूनचं. दुसऱ्याचा बदल आधी लागला असेल तर आपल्या बदलाची जागा तेवढी सरकवायची. मधे एक सर्व्हर क्रम ठरवत असेल तर हे आटोक्यात राहतं. सर्व्हर नसेल तर सिद्धता अवघड होते आणि प्रसिद्ध झालेले कितीतरी अल्गोरिदम मागाहून चुकीचे निघाले. दुसरं सीआरडीटी (कॉन्फ्लिक्ट-फ्री रेप्लिकेटेड डेटा टाइप). प्रत्येक अक्षराला कायमची ओळख द्यायची, कुठल्या क्लायंटचं आणि कितवं, आणि ‘अमक्या अक्षरानंतर’ अशी जागा नोंदवायची. क्रम काहीही लागो, सगळे शेवटी एकाच मजकुरावर येतात. हे नाव २०११ साली रूढ झालं.

रतलाम-वडोदरामार्गे पुण्याला जाणाऱ्या गाडीत रात्रभर नेटवर्क येत-जात राहणार असेल तर सीआरडीटीच घ्या. आणि स्वतः लिहू नका. वायजेएस ही सीआरडीटीची लायब्ररी आणि कोडमिरर ६ हा ब्राउझरमधला एडिटर ही जोडी कोड एडिटरला पुरते. ऑफलाइन साठ्यासाठी ब्राउझरमधला इंडेक्स्ड-डीबी. जोडणी परत आली की क्लायंट ‘माझ्याकडे प्रत्येकाचं कुठपर्यंत आहे’ असा स्टेट व्हेक्टर पाठवतो, सर्व्हर फक्त उरलेलं देतो.

लायब्ररी चांगली असूनही चुका होतात त्या या.

मजकूर दुप्पट होणं. दोन क्लायंट एकदमच उघडले, दोघांनाही दस्तऐवज रिकामा दिसला, दोघांनीही फाइल वाचून आत घातली. सीआरडीटीच्या लेखी हे दोन वेगळे मजकूर आहेत, तो दोन्ही ठेवतो. पहिला मजकूर घालायचा हक्क फक्त सर्व्हरला द्या.

क्लायंटची ओळख साठवून ठेवणं. दोन टॅब एकाच ओळखीने चालले की दोन वेगळ्या अक्षरांना एकच नंबर मिळतो आणि प्रती कायमच्या फाटतात. दर वेळी नवी ओळख घ्या.

फॉर्मॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारा प्रोग्राम. तो सगळी फाइल नव्याने लिहितो. ती ‘सगळं खोडा, सगळं घाला’ अशी आत गेली तर त्याच क्षणी दुसऱ्याने टाइप केलेलं वाक्य भलत्याच जागी लोंबतं आणि सगळ्यांचे कर्सर वर उडतात. जुन्या-नव्याचा डिफ काढा आणि तेवढेच बदल लावा. डिस्कवरची फाइल बाहेरून बदलली तरीही हाच उपाय.

विंडोजच्या ओळी. कोडमिरर दोन चिन्हांचा ओळ-शेवट आत एकच धरतो. वायजेएसमध्ये दोन राहिले तर प्रत्येक ओळीमागे जागा एकने सरकते. फाइल आत घेतानाच ओळ-शेवट एकसारखे करा, मूळची पद्धत बाजूला नोंदवा, बाहेर लिहिताना परत लावा.

अनडू हा फक्त स्वतःच्या बदलांचा हवा, वायजेएसचा अनडू मॅनेजर बदलाचा उगम पाहून ते करतो. कर्सर आकड्याने पाठवू नका, सापेक्ष जागेने पाठवा.

देवनागरीचा हिशेब

तयार साधनांत हा भाग कच्चा असतो. ‘इंदूर’ या शब्दात ५ कोडपॉइंट (युनिकोडमधली क्रमांक दिलेली चिन्हं) आहेत, यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट, आणि वाचणाऱ्याला दिसतात ३ अक्षरं : इं, दू, र. जावास्क्रिप्ट यूटीएफ-१६ एककं मोजते, रस्टमधला सर्व्हर बहुधा बाइट मोजतो. जागा पाठवताना एकक ठरवलं नाही तर इंग्रजी मजकुरावर सगळं ठीक चालतं आणि पहिल्याच मराठी ओळीवर कर्सर भरकटतो. ‘ग्वाल्हेर’मध्ये ९ कोडपॉइंट. ते जुन्या नियमाने ५ तुकड्यांत मोडतात, आणि २०२३ च्या युनिकोड १५.१ ने जोडाक्षरं एकत्र धरल्यापासून ३ तुकड्यांत. ब्राउझरच्या आवृत्तीनुसार उत्तर बदलतं, म्हणून दिसणाऱ्या अक्षरांची संख्या कधीही नेटवर्कवरून पाठवू नका. ती फक्त कर्सर हलवायला आणि निवड दाखवायला वापरा.

पोरकी मात्रा हा आपल्याकडचा खास प्रकार. मजकूर ‘दर’ आहे. एकीने द नंतर ऊकार घातला, त्याच वेळी दुसऱ्याने द खोडला. दोन्ही बदल बरोबर, निकाल म्हणजे ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेला ऊकार आणि र. क्लायंटने हे आपोआप दुरुस्त करू नये : सगळ्यांचे क्लायंट एकदमच दुरुस्ती करतील आणि त्या दुरुस्त्यांचेच नवे बदल होतील. जागा अधोरेखित करा, माणसाला दाखवा.

‘वडोदऱ्याला’ हा शब्द तीन प्रकारे लिहिला जातो आणि तिन्ही सारखेच दिसतात : ऱ हा एकच कोडपॉइंट यू+०९३१ घेऊन, र यू+०९३० आणि नुक्ता यू+०९३सी असे दोन घेऊन, किंवा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक यू+२००डी घेऊन. दोन सहकाऱ्यांचे कीबोर्ड वेगळे असले की डोळ्यांना न दिसणारा कॉन्फ्लिक्ट तयार. एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणारा युनिकोडचा नियम) पहिले दोन एक करतं, तिसरा तसाच राहतो. त्यासाठी स्वतःचा नियम लिहा : यू+०९३०, यू+०९४डी, यू+२००डी या क्रमाऐवजी यू+०९३१, यू+०९४डी. पण सगळे शून्य-रुंदीचे जोडक सरसकट काढू नका, मुद्दाम ठेवलेली अर्धी अक्षरं बिघडतात.

हिंदी लेबलं त्याच फाइलीत असतील तर आणखी एक तिढा. एनएफसी ऱ जोडून एक करतं, पण हिंदीतला ड़ मात्र फोडून ड आणि नुक्ता असा ठेवतं. हा दोष नाही, युनिकोडच्या वगळणूक-यादीचा परिणाम आहे. तुलनेच्या दोन्ही बाजू एकाच चाळणीतून गेल्या की प्रश्न उरत नाही. चाळणी बसवायची जागा म्हणजे टाइप करताना, पेस्ट करताना आणि फाइल लिहिताना. दुसऱ्याकडून आलेल्या मजकुरावर नाही.

उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्या कीबोर्डवर शब्द पक्का होईपर्यंत तो तरंगत असतो. तेवढ्यात त्याच ओळीत दुसऱ्याचा बदल येऊन आदळला तर अर्धा शब्द दोनदा उमटतो. ही शब्दजुळणी (कंपोझिशन) संपेपर्यंत त्या ओळीचे बाहेरचे बदल रांगेत धरून ठेवा, बाकीच्या ओळी चालू द्या.

दोन्ही साधनं जोडणं

सत्र सुरू होताना ब्रांचच्या टोकाची कमिट नोंदवा. कमिट करायच्या वेळी ब्रांच पुढे गेली असेल तर तिहेरी मर्ज : मूळ म्हणजे नोंदवलेली कमिट, एक बाजू थेट मजकूर, दुसरी बाजू नवं टोक. निकाल पुन्हा डिफ करून थेट मजकुरात लावा. कॉन्फ्लिक्टच्या खुणा थेट मजकुरात घालू नका. चार जण एकदम त्यातल्या ओळी खोडायला लागतात आणि पार्सरला काहीच ओळखू येत नाही. कॉन्फ्लिक्ट बाजूच्या पट्टीत, प्रत्येकाला वेगळा क्रमांक, आणि एकाने ‘मी घेतो’ म्हटलं की इतरांना तो फक्त वाचण्यापुरता. कमिटमध्ये सगळ्या लिहिणाऱ्यांची नावं ‘को-ऑथर्ड-बाय’ ओळींनी जोडा.

मर्ज स्वच्छ झाला म्हणजे कोड चालेलच असं नाही. एका ब्रांचने फंक्शनचं नाव बदललं, दुसरीने जुन्या नावाने नवी हाक मारली. ओळी वेगळ्या, कॉन्फ्लिक्ट शून्य, बिल्ड मोडलेलं. मर्जनंतर बिल्ड आणि टेस्ट चालल्याखेरीज साधनाने हिरवा रंग दाखवू नये.

तपासणी

मर्जसाठी तीन नियम यादृच्छिक मजकुरावर चालवा : एक बाजू मूळसारखी असेल तर निकाल दुसरी बाजू, दोन्ही सारख्या असतील तर तीच, बाजू अदलाबदल केल्या तर स्वच्छ निकाल बदलू नये. मग स्वतःच्या रिपॉझिटरीतल्या जुन्या मर्ज कमिटा ‘गिट रेव्ह-लिस्ट --मर्जेस’ने काढा आणि ‘गिट मर्ज-ट्री --राइट-ट्री’ने पुन्हा करून तुमच्या निकालाशी ताडा. गिट २.३८ पासूनचा हा आदेश कामाच्या फाइलींना हात लावत नाही. गिट कॉन्फ्लिक्ट म्हणतं आणि तुमचं साधन स्वच्छ म्हणतं, अशा जागा एकेक करून डोळ्यांनी पाहा.

थेट एडिटरसाठी तीन क्लायंट, यादृच्छिक बदल, संदेशांचा क्रम उलटसुलट, काही संदेश दोनदा, काही उशिरा. शेवटी तिघांचा मजकूर अक्षरशः सारखा हवा. बीज-आकडा (ज्यातून यादृच्छिक बदल निघतात तो) नोंदवा, नाहीतर सापडलेली चूक पुन्हा सापडणार नाही. चाचणीच्या मजकुरात जोडाक्षरं, ऱ, इमोजी आणि विंडोजचे ओळ-शेवट घाला.

सर्व्हर एनजिनएक्स या वेब सर्व्हरमागे असेल तर वेबसॉकेटची, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी, जोडणी ६० सेकंद शांत राहिली की तुटते, कारण ‘प्रॉक्सी_रीड_टाइमआउट’ची डीफॉल्ट किंमत तेवढीच आहे. दर ३० सेकंदांनी पिंग पाठवा. परवानगी फक्त जोडणी उघडताना तपासून भागत नाही : सत्र चालू असताना एखाद्याचा लिहिण्याचा हक्क काढला तर त्याचे पुढचे अपडेट सर्व्हरने नाकारले पाहिजेत, आणि त्याच्या एडिटरने तेवढ्याच तत्परतेने वाचण्यापुरतं व्हायला हवं. नाहीतर तो तासभर लिहीत बसेल आणि त्यातली एकही ओळ कुणाकडे पोचणार नाही.